अंघोळीआधी

ताराबाई उजागरे माणसाचं तोंड नंतर बघायच्या, पाय आधी.

रेल्वेच्या कचेरीत बदली होऊन मी बनारसला आलो, त्या पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभा होतो. गाव नवं, मंडळी नवी. चार लोकांत छाप पडावी म्हणून बूटही नवे घातले होते. तेवढ्यात पांढऱ्या सुती साडीतली एक ठेंगणी बाई समोर येऊन थांबली. खांद्याला रेक्झिनची काळी पिशवी. तिने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि स्वच्छ नगरकडच्या मराठीत म्हणाली, "डावा चावतोय ना? एक नंबर मोठा घ्यायचा की."

इतक्या लांब, हिंदीतून गाणी म्हणणाऱ्या मंडळीत आपल्याकडचं माणूस भेटलं म्हणून मला भरून यायला हवं होतं. ते काही झालं नाही. मला राग आला. चावत होता हे खरं होतं, म्हणून जास्तच आला.

ताराबाई जुन्या नर्स. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर बाई नगरला परत न जाता इथेच छावणीच्या बाजूला दोन खोल्यांत राहिल्या. मुलंबाळं नव्हती. एवढी माहिती मला मंडळीतल्या लोकांनी दिली. ताराबाईंनी स्वतःबद्दल कधी काही सांगितल्याचं आठवत नाही. पिशवीत मात्र काय काय आहे ते त्यांनी मला एकदा एकेक वस्तू काढून दाखवलं होतं: लहानमोठी तीन नेलकटर, एक कानस, खोबरेल तेलाची बाटली, टॉवेल, कापसाची गुंडाळी, एक पसरट जर्मनचं भांडं आणि जाड भिंगाचा चष्मा.

त्या म्हाताऱ्या माणसांच्या पायांची नखं काढायच्या.

एवढंच काम. आठवड्यातून तीन सकाळी, घाटांच्या गल्ल्यांमधून. सोमवारी दूधविनायक, बुधवारी राजा घाटाकडची एक बंगाली आजी आणि तिच्या शेजारचे मास्तर, शुक्रवारी आणखी कोणी. "म्हातारपणी माणसाला सगळ्यात लांबचं ठिकाण म्हणजे स्वतःचा पाय," त्या म्हणायच्या. "मुलं औषध देतात, सुना जेवू घालतात. सगळं करतात बिचाऱ्या. पण सासूच्या पायाची नखं कोणाच्या ध्यानात येत नाहीत, आणि सासू काही सांगत नाही." कोणी कौतुकाने ताराबाईंची सेवा असं म्हटलं की त्या कपाळाला आठ्या घालायच्या. "सेवा कसली? नखं काढते."

प्रार्थना त्या करायच्या, पण घरून निघताना. स्वतःच्या उंबऱ्यात, चपला घातलेल्या, पिशवी खांद्याला, एक मिनिटभर डोळे मिटून. दुसऱ्याच्या घरी कधीच नाही. मी विचारलं, "तिथे का नाही करत?" तर म्हणाल्या, "तिथे डोळे मिटून कसं चालेल? हातात कोणाचं तरी बोट असतं."

एकदा आमचे पाळकसाहेब त्यांच्या घरी भेटीला गेले आणि भिंतीवरचं पंचांग पाहून चपापले. येशूच्या तसबिरीशेजारी खिळ्याला टांगलेलं जाड पंचांग. गोष्ट मंडळीच्या सेवा समितीत आली. पाळकसाहेब भला माणूस, अवघडून म्हणाले, "सिस्टर, लोग पूछते हैं, ये पंचांग आपके घर में क्यों?"

"मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी त्या लोकांत नखं काढत नाहीत," ताराबाई म्हणाल्या. हिंदीतून बोलताना त्या मधूनमधून मराठीवर यायच्या आणि ते त्यांच्या लक्षातही यायचं नाही. "एकादशी को नहीं, अमावस को नहीं. आता एकादशी कधी ते बायबलात बघू का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून मला ते पटलं नव्हतं. आपण जायचं, आपण कष्ट घ्यायचे, वर दिवस त्यांच्या सोयीने! मी तेव्हा नुकताच सेवा समितीचा सचिव झालो होतो. मला कामाचा भारी उरक. पहिल्या सहा महिन्यांत मी दोन बॅनर छापून घेतले, समितीसाठी एकसारख्या टोप्या शिवून घेतल्या, आणि दर कार्यक्रमाचे फोटो काढून अहवाल पाठवायची पद्धत पाडली. माझ्याआधी मंडळीत म्हणे अहवालच नव्हता. ताराबाईंचं काम अहवालात घालायचं ठरवलं आणि त्यांच्यासोबत एका सोमवारी दूधविनायकला गेलो.

सकाळी सहाला निघालो. मैदागिनपर्यंत टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, तिथून गल्ल्या. गायी, दूधवाले, भिंतींना घासत जाणाऱ्या मोटारसायकली. मी दोनदा रस्ता चुकलो असतो. ताराबाई मात्र घरातल्या घरात फिरावं तशा वळत होत्या. एका उंच, अरुंद घराच्या जिन्यापाशी त्यांनी चपला काढल्या. "मोबाईल खिशात ठेव," त्या म्हणाल्या. "आणि मी सांगेपर्यंत जिन्यातच बस."

वर लेलेकाकू राहायच्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या, अंगाने काटकुळ्या, आवाजाने खणखणीत. त्यांच्या घराण्याला काशीत येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाच सांगता येत नव्हतं. पुतण्या मुकुंद, त्याची बायको स्मिता आणि काकू. मुकुंद शाळेत शिकवायचा. मराठी बोलायला काकूंना घरात तेवढं कोणी उरलं नव्हतं. मुकुंद बोलायचा तो अर्धं हिंदीत, स्मिता जवळजवळ सगळंच.

काकूंची आणि ताराबाईंची ओळख एका माकडाने करून दिली. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर माकडाने काकूंचा चष्मा पळवला आणि काकू त्याला "अरे मेल्या, तुला वाचायचंय का काय?" म्हणून मराठीत ओरडत होत्या. पलीकडच्या पायरीवर बसलेल्या ताराबाईंनी ते ऐकलं आणि त्यांना इतकं हसू आलं की त्या उठून माकडाला केळं देऊन चष्मा सोडवून घेऊन आल्या. चष्मा देताना अर्थातच त्यांनी काकूंच्या पायांकडे पाहिलं. काकूंना साखरेचा आजार होता, उजव्या अंगठ्याचं नख मांसात वळत चाललं होतं.

त्या सोमवारी मी जिन्याच्या सातव्या पायरीवर बसून सगळं पाहिलं. ताराबाई उंबऱ्याच्या बाहेर बसल्या, काकू आत पाटावर. मध्ये उंबरा. पाय उंबऱ्यावर. स्मिताने कोमट पाणी वरून, हात न लागू देता, ताराबाईंच्या भांड्यात ओतलं.

"काय सांगू तारा, कालपासून अंगठा इतका टीसतोय, रातभर नींद नाही."

"बघू द्या. हात लावू का?"

हे त्या दर वेळी विचारायच्या. पाच वर्षं त्याच पायाला हात लावत होत्या, तरी दर सोमवारी विचारायच्या. काकू म्हणायच्या, "लाव गं बाई."

मग अर्धा तास दोघी बोलत होत्या. कटाची आमटी, शेवग्याची फुलं, नगरची थंडी, कोणा मेलेल्या नणंदेचा खाष्टपणा. काकू मधेच म्हणाल्या, "तुमचा देव पाय धुवायचा म्हणे लोकांचे?"

"धुवायचा."

"आमचा सुदाम्याचे धुवायचा."

"मग झालं तर," ताराबाई म्हणाल्या आणि कानस घासू लागल्या.

काम संपलं. ताराबाईंनी नखं कागदात गोळा केली, भांडं पुसलं. काकू उठल्या आणि थेट न्हाणीघरात गेल्या. पाण्याचे तांबे अंगावर पडल्याचा आवाज आम्ही जिना उतरत असताना येत होता.

मला तो आवाज झोंबला. आमची घरं मूळची गावाच्या वेशीबाहेरची. पणजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला, आजोबा मास्तर झाले, वडील हेडमास्तर. पण गावाला जायचं तर अजून त्याच वाटेने जावं लागतं. मी खाली गल्लीत येताच म्हणालो, "तुम्ही शिवलात म्हणून अंघोळ केली त्यांनी. तुम्हाला अपमान नाही वाटत?"

"नखं काढल्यावर त्यांच्यात अंघोळ करतातच. कोणीही काढली तरी." त्या थोडं अंतर चालल्या आणि थांबल्या. "म्हणून तर मी सातला येते. अंघोळीच्या आधी. माझ्यासाठी वेगळी अंघोळ तिला करावी लागत नाही, आणि मला ती ऐकावी लागत नाही."

"म्हणजे वाटतो अपमान."

"वाटतो की. पहिल्या दिवशी वाटला, आजही वाटला. पण त्याचं तिच्या अंगठ्याला काय?"

"मग येता कशाला?"

ताराबाईंनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "मला मराठी ऐकायला मिळतं ना," त्या म्हणाल्या. "इथे माझ्याशी कोण बोलतं? तू येतोस, तर समितीचंच बोलतोस."

हे मी अहवालात लिहिलं नाही. एका ज्येष्ठ भगिनीची निःस्वार्थ सेवा, असं लिहिलं.

पुढच्या वर्षी ईस्टरच्या सुमारास दिल्लीहून पाहुणे येणार असल्याचं कळलं. मोठ्या मंडळीचे लोक, आमचं काम बघायला. माझ्या डोक्यात कल्पना आली. शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, आमच्यात पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण. दरवर्षी पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात आणि ते बारा जण घरूनच पाय चांगले घासून येतात. मी समितीत म्हणालो, या वेळी आपण चर्चमध्ये नको, घाटावर धुऊ. बारा वृद्ध माता, पंचगंगेच्या पायऱ्या, सकाळी दहाचं ऊन. लोक टाळ्या वाजवायचेच बाकी होते.

ताराबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. "त्या नको म्हणाल्या तर?"

"कोण?"

"ज्यांचे पाय धुणार, त्या."

"नको कशाला म्हणतील? आपण मान देतोय."

"समजा म्हणाल्या. तुला राग येईल का?"

मी हसलो. समितीही हसली. ताराबाई हसल्या नाहीत. "राग येणार असेल तर जाऊ नकोस, अविनाश. आपण कशासाठी जातो ते तेवढ्यावरून कळतं." आणि मग, "गुरुवार आहे. दहा वाजता सगळ्यांच्या अंघोळी, पूजा झालेल्या असतात. मी कोणाला आणणार नाही आणि मीही येणार नाही."

अकरा जणी मिळाल्या. काहींना साड्या मिळतील असं वाटलं होतं, काहींना काय चाललंय तेच कळलं नव्हतं. बारावी मिळेना. अकरा शिष्यांचे पाय धुतले तर फोटो कसा दिसेल, या काळजीने मी बुधवारी संध्याकाळी दूधविनायकला गेलो. मुकुंद घरी नव्हता. मी जिन्यातून हाक मारली आणि लेलेकाकूंना सांगितलं, "उद्या दहाला ताराबाईंनी घाटावर बोलावलंय तुम्हाला."

मी हे वाक्य गेली काही वर्षं वेगवेगळ्या प्रकारे स्वतःला समजावून पाहिलं आहे. ते खोटं होतं, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

काकू आल्या. स्मिताच्या खांद्यावर हात ठेवून, धुतलेलं लुगडं नेसून, ओले केस पाठीवर सोडून आल्या. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि इकडेतिकडे बघत विचारत राहिल्या, "तारा कुठाय?" मी म्हणालो, "येतील." मग डोक्यावर समितीची टोपी घालून मी त्यांच्यापुढे गुडघे टेकले. परातीत त्यांचा पाय घेतला. हात लावू का, असं विचारलं नाही. पाय एकदम आखडला, मी तो जरा ओढून धरला, कारण फोटो काढणारा म्हणाला होता, "सर, ऐसे ही रुकिए." काकू वर बघत होत्या. मला तेव्हा वाटलं, भारावल्या आहेत.

फोटो फार सुंदर आला. मागे गंगा, वर निळ्या अक्षरांत आमच्या मंडळीच्या नावाचा बॅनर, खाली मी. मी तो समितीच्या गटावर टाकला, स्टेटसला ठेवला. तीन दिवसांत तो फिरत फिरत मुकुंदच्या शाळेतल्या कोणाच्या तरी मोबाईलवर पोचला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, की काशीच्या ब्राह्मण विधवांना बाटवलं जात आहे.

मुकुंद आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. पुढच्या सोमवारी सातला ताराबाई पोचल्या तेव्हा तो जिन्याच्या तोंडाशी हात जोडून उभा होता. "ताराआत्या, तुमचा काही कसूर नाही, मला मालूम आहे. पण शाळेत लोक विचारतात, मोहल्ल्यात बोलतात. कृपा करून आता येऊ नका." वरून काकूंचा आवाज आला नाही. ताराबाई बरं म्हणाल्या आणि चपला घालून परत फिरल्या. राजा घाटाकडच्या बंगाली आजीच्या घरूनही बुधवारी तसंच सांगण्यात आलं.

हे मला ताराबाईंनीच सांगितलं, माझ्या क्वार्टरमध्ये येऊन, चहा पिताना, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मी जागच्या जागी विरघळायला हवा होतो. पण माझं पहिलं वाक्य काय होतं? "पण आपला हेतू तर चांगला होता." दुसरं: "मी आत्ता जाऊन माफी मागतो."

"जायचं नाही," ताराबाई म्हणाल्या.

"पण चूक माझी आहे, तर..."

"माफी मागून तुला बरं वाटेल. तिच्या दारात पुन्हा चर्चचा माणूस उभा राहिला तर तिला काय वाटेल?" त्यांनी कप खाली ठेवला. "त्या दिवशी तिच्यावर दुसरी अंघोळ करायची वेळ आणलीस. आता पुरे."

थोड्या वेळाने त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मला राग आला रे. मुकुंदचा. तुझा तर आलाच. काकूंचासुद्धा आला, एक शब्द बोलली नाही म्हणून. सहा वर्षं मी समजत होते, मला नको म्हटलं तरी चालेल." आणि पिशवी उचलून गेल्या. मी बॅनर कपाटात टाकला, सचिवपद सोडलं. लोकांना वाटलं, बदलीच्या खटपटीत आहे.

त्या पावसाळ्यात काकूंच्या अंगठ्याचं नख पुन्हा मांसात शिरलं. घरच्यांनी काळजी घेतली नाही असं नाही. स्मिताला नीट दिसलं नाही. एका कामाला येणाऱ्या बाईने ब्लेडने कोपरा कापला. साखर वाढलेलीच होती. दिवाळीच्या आधी इस्पितळात अंगठा काढावा लागला. घाटावरच्या एका फुलवालीने ही बातमी ताराबाईंना सांगितली आणि त्यांनी मला. "उजवा," एवढंच म्हणाल्या. त्या रविवारी मी उपासनेला गेलो, पण प्रभुभोजनाची भाकर घेतली नाही. ताराबाईंनी ते पाहिलं असणार.

एवढ्यात त्यांचे हात थरथरू लागले होते. चहाचा कप बशीवर वाजायचा. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार.

आणि मग थंडी सरताना निरोप आला. स्मिता स्वतः आली होती, चर्चच्या फाटकापर्यंत, डोक्यावरून पदर घेऊन. "काकी बुला रही हैं आपको. मुकुंदजी से भी बोल दिया है, कि तारा आएगी तो आएगी. सोमवार को आइए." आणि जरा थांबून, "दस बजे आइए, बोला है. आराम से. जल्दी मत कीजिए."

ताराबाईंनी मला हे दोनदा सांगितलं. "दहाला बोलावलंय." दहाला म्हणजे अंघोळीच्या नंतर. मी म्हणालो, "मग दहालाच जाऊ."

"सातलाच जायचं," त्या म्हणाल्या. "तिनं मन मोठं केलं म्हणून आपण पाय पसरायचे नसतात. पण माझ्या हातांनी कटर धरवत नाही. तू शिकशील का?"

तीन आठवडे वाट बघायला काकूंना सांगितलं गेलं, आणि ते तीन आठवडे मी रोज संध्याकाळी ताराबाईंकडे गेलो. त्या स्टुलावर स्वतःचा पाय ठेवायच्या आणि मी त्यांची नखं काढायचो. आधी भिजवायचं. सरळ रेषेत कापायचं, कोपरे गोल करायचे नाहीत. घाई झाली की त्या पाय मागे घ्यायच्या. त्यांच्या टाचांना भेगा होत्या आणि डाव्या पायाची दोन बोटं एकमेकांवर चढली होती. गावभरच्या पायांची काळजी करणाऱ्या बाईच्या पायांकडे कोणी पाहिलं नव्हतं. मी तर इतकी वर्षं शेजारी बसत होतो. तिसऱ्या आठवड्यात मी चांगला तयार झालो. मला वाटू लागलं, आता सगळं भरून निघेल. एक शब्दही न बोलता मी नऊ नखं काढीन, आणि काकूंना आपोआप कळेल.

सोमवारी सातला आम्ही पोचलो. ताराबाई जिना चढताना भिंतीला धरून चढल्या. काकू पाटावर बसल्या होत्या, आणखी वाळलेल्या. उजवा पाय उंबऱ्यावर होता. अंगठ्याच्या जागी गुळगुळीत, गुलाबी कातडं. मी पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

"आलीस," काकू म्हणाल्या.

"आले."

काकूंनी पाय जरा पुढे सरकवला. मग ताराबाई म्हणाल्या, "माझे हात बिघडले काकू. हा अविनाश काढेल. मी शिकवलंय त्याला."

मी पुढे झालो. "हात लावू का?" मी विचारलं. या वेळी विचारलं.

काकूंनी चष्मा वर केला. "हा तोच ना? पाय धुणारा?"

"तोच."

"हा नको," काकू म्हणाल्या.

रागावून नाही, भाजी नको म्हणावं इतकं साधं. आणि माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तीन आठवडे शिकलो, रजा काढून आलो, खाली मान घालून उभा राहिलो, आणि ही म्हातारी! अंगठा तिचा गेलेला, आणि राग मला.

"खाली जाऊन बस," ताराबाई मला म्हणाल्या. मग आत बघून, "स्मिता, इकडे ये. बैठो मेरे पास. चष्मा लावून ये. कटर तू धर, मी सांगते कुठे."

मी सातव्या पायरीवर बसलो. वर स्मिता कापत होती, ताराबाई सांगत होत्या, "सीधा, सीधा, कोना मत काटो." मग कानशीचा आवाज सुरू झाला, घाईघाईचा, अडखळणारा.

"अगं, तुझा हात केवढा हलतोय," काकूंचा आवाज.

"घासायला बरा," ताराबाई म्हणाल्या. "मला काही करावंच लागत नाही."

त्यावर दोघी इतक्या हसल्या की काकूंना ठसका लागला. मग कटाची आमटी निघाली. स्मिताने काहीतरी विचारलं आणि तिला दोघींनी मिळून मराठीतून उत्तर दिलं. माझी तिथे कोणालाही गरज नव्हती. पुढच्या सोमवारपासून ताराबाईंचीही लागणार नव्हती. त्यांनी स्मिताला शेजारी बसवलं ते त्यासाठीच, हे मला फार उशिरा समजलं.

तांब्याचा आवाज सुरू झाला तेव्हा ताराबाई उतरून आल्या. एक हात भिंतीवर, दुसऱ्यात रिकामी पिशवी. नेलकटर, कानस, भांडं, सगळं त्यांनी वरच ठेवलं होतं. चपला घालताना त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. पायांकडे नाही.

"राग आला का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या आणि गल्लीत पुढे चालू लागल्या. समोरून गाय आली तेव्हा त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, तिला वाट दिली, तिच्या खुरांकडे जरा वाकून पाहिलं आणि वळणावर दिसेनाशा झाल्या. मी मुद्दाम मागे रेंगाळलो होतो. त्याच आठवड्यात त्यांची भाची येऊन त्यांना नगरला घेऊन गेली, मी कामावर असताना, आणि पावसाळ्यात तिथून त्या गेल्याचा फोन आला.

राग आला होता, ताराबाई. खूप आला होता.